खाऱ्या पाण्याची कचेरी

ज्या शहराने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी पाहिले, ज्या शहरात पाहुण्याला चहा विचारण्याआधी 'तुमच्याकडे नळ कितव्या दिवशी येतो?' असे विचारण्याची चाल पडली, आणि ज्या शहरातील गृहिणी भांड्यांचे वर्गीकरण धातूवरून न करता त्यात किती घागरी मावतात यावरून करते, त्या लातूर शहरात भर उन्हाळ्यात दोनशे लिटर गोडे पाणी स्वहस्ते खारे करणारा मनुष्य एकतर वेडा असला पाहिजे, किंवा त्याचा नातू सुटीत आलेला असला पाहिजे. माझ्या बाबतीत दोन्ही अटी पूर्ण होत होत्या, असे आमच्या घरातील अधिकृत मत आहे.

नातू पुण्याहून आला तो डोक्यात मासा घेऊन आला. २००३ साली निघालेला 'फाइंडिंग निमो' नावाचा चित्रपट त्याने इतक्या वेळा पाहिला होता की त्यातील माशांच्या नात्यागोत्याचा त्याला आमच्या कुळाच्या वंशावळीपेक्षा अधिक बोध होता. "आजोबा, निमो आणा ना," एवढेच त्याचे मागणे. हा निमो म्हणजे विदूषक मासा: अंगठ्याएवढा, नारिंगी रंगाचा, अंगावर तीन पांढरे पट्टे आणि पट्ट्यांना काजळाची बारीक कड. आपल्या संस्कृत नाटकांतला विदूषक जसा खादाड, भित्रा आणि राजाच्या सावलीत निर्धास्त असतो, तसाच हाही समुद्रपुष्प नावाच्या एका विषारी प्राण्याच्या सावलीत राहतो, आणि तेथून फार दूर पोहण्याचे धाडस जन्मभर करीत नाही. हे वर्णन वाचताना मला कोणाची तरी आठवण होत होती. पण कोणाची, ते तेव्हा उमगले नाही.

नांदेडला माझे मेहुणे असतात. गोदावरीच्या काठी जन्मलेला आणि विष्णुपुरीचे पाणी प्यालेला मनुष्य पाण्याच्या बाबतीत जितका उदार असतो, तितकेच ते सल्ल्याच्या बाबतीत आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात गोड्या पाण्यातील माशांची पेटी आहे आणि त्या पेटीच्या जोरावर ते स्वतःला मत्स्यशास्त्रातले अधिकारी समजतात.

"अहो दाजी, त्यात काय आहे? टाकी घ्या, पाणी भरा, मीठ टाका. झाला समुद्र!"

"लातूरपासून समुद्र साडेतीनशे किलोमीटरांहून लांब आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तर घरी करायचा!"

हिशेब सोपा होता. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात; म्हणजे दोनशे लिटरांना सात किलो. मी पिशवी घेऊन वाण्याकडे गेलो आणि सात किलो मीठ मागितले. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा पिशवीकडे पाहून आदराने विचारले, "काका, यंदा कैऱ्या लई उतरल्या का?" मी खरे सांगितले असते तर गावात माझी पत राहिली नसती, म्हणून मी मान डोलावली, आणि तीन दिवसांत आमच्याकडे मोठ्या प्रमाणावर लोणचे घातले जात असल्याची वार्ता पसरून, चार शेजारणी रिकाम्या बरण्या घेऊन आल्या. तेवढ्यात मेहुण्यांचा दूरध्वनी आला की वाण्याचे मीठ चालत नाही; त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी जे समुद्रात असते ते नसते, सबब माशांच्या दुकानातले खास मीठ घ्यावे लागते. ते सात किलो मीठ अद्याप आमच्या माळ्यावर आहे. सौभाग्यवती दर संक्रांतीला त्याची आठवण काढते.

खास मीठ आले, त्यासोबत पाण्याची घनता मोजण्याची काचेची नळीही आली. ती नळी पाण्यात सोडायची आणि १.०२५ या आकड्यापर्यंत बुडाली की पाणी समुद्रासारखे झाले असे समजायचे. एका सकाळी ओसरीवर बादली ठेवून मी हा प्रयोग करीत असता आमचे दूधवाले मामा आले. त्यांनी ती नळी पाहिली, माझ्या कपाळावरची आठी पाहिली आणि चरवी हातात धरूनच ते थबकले. आता योगायोग असा की समुद्राचे पाणी आणि सकस दूध यांच्या घनतेत फारसे अंतर नाही, आणि दोन्हींची परीक्षा करणारी नळी दिसायला सख्ख्या बहिणीसारखी. मी नळी उचलून उजेडात धरली आणि सहज पुटपुटलो, "अजून पातळच आहे." मामा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुधावर जी साय धरू लागली, तशी गेल्या वीस वर्षांत धरली नव्हती. मत्स्यपालनाचा हा एकमेव आर्थिक लाभ मी येथे कृतज्ञतापूर्वक नोंदवून ठेवतो.

समुद्र तयार झाला तरी मासा आणता येत नाही. माशाच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, आणि हा सर्व कारभार सुरळीत लागेपर्यंत चार ते सहा आठवडे टाकी रिकामी चालवावी लागते. एखादी मिसल तीन टेबलांवरून फिरल्याशिवाय निकाली निघत नाही, याची ज्याला सवय आहे त्याला हा विलंब नवीन नव्हता. पण शेजारपाजाऱ्यांना तो कळेना. दिवे लागलेली, पंप घरघरणारी, स्वच्छ आणि संपूर्ण निर्जन अशी ती टाकी पाहायला लोक येत आणि गणपती बसण्यापूर्वीच्या मखरासमोर उभे राहावे तसे उभे राहत.

"मासा कुठं आहे?"

"यायचा आहे."

"मग हे चालू कशाला ठेवलंय?"

"पाणी तयार व्हायलंय."

"पाणी तयार व्हायलंय!" असे एकमेकांना सांगत ते निघून जात. एका वृद्ध शेजाऱ्यांनी टाकीत रोज एक तांब्या गोडे पाणी घालताना मला पाहून विचारले, "मासा पाणी पितो का हो?" वास्तविक पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते, म्हणून ते तांब्याभर पाणी, पण गंमत अशी की खाऱ्या पाण्यातला मासा खरोखरच पाणी पितो. भोवतालचे मीठ त्याच्या अंगातले पाणी शोषून घेते, आणि पाण्यात राहूनही त्याला सदैव तहान भागवावी लागते. मी हे सांगितल्यावर ते गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे आपल्या लातूरचाच की!"

नातू तोवर पुण्याला परत गेला होता. पण हुकूम एकदा सुटला म्हणजे अंमलबजावणी थांबत नसते. मेहुण्यांच्या ओळखीच्या दुकानातून दोन मासे घेतले. हल्ली हे मासे प्रवाळावरूनच ओरबाडून आणावे लागतात असे नाही. तमिळनाडूतील मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, आणि आपल्याकडे ठाणे खाडीच्या काठी ऐरोलीलाही ही पैदास होते. दुकानदार म्हणाला, "टाकीतच जन्मलेत. यांनी समुद्र पाहिलेला नाही." मीही चाळिशी उलटेपर्यंत पाहिला नव्हता, तेव्हा आमचे जमेल असे वाटले.

नांदेडहून लातूरपर्यंतचा प्रवास मी एसटीने केला. प्राणवायू भरलेली पिशवी, ती स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर. लोह्याला एक पागोटेवाले म्हातारबुवा शेजारी येऊन बसले आणि डब्याचे झाकण मी जरा उघडताच आत डोकावले.

"काय न्यायलाव, मालक?"

"मासा."

"एवढुसा? कालवणाला पुरंल का?"

"खायचा नाही."

"मग?"

"बघायचा."

म्हातारबुवांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाले, "माळेगावच्या जत्रंत घोडी बघितली, उंट बघितले, गाढवं बघितली. पर बघायचे पैशे कुणी घेतले नाहीत. कितीला पडला?"

मी खऱ्या किमतीच्या निम्मी किंमत सांगितली. तरी ते कळवळून म्हणाले, "कोंबडी घ्यायची होती, मालक. अंडी तरी दिली असती." अहमदपूर, चाकूर मागे पडले, ते चाकूरला उतरूनही गेले, पण ते वाक्य लातूरपर्यंत माझ्या शेजारी बसून आले.

समुद्रपुष्प पाळणे हे मासा पाळण्याहून दुष्कर असल्यामुळे मी त्याऐवजी वेळ अमावास्येच्या आंबिलीसाठी आणलेल्या मडक्यांपैकी एक लहान, कोरे मडके टाकीत आडवे ठेवले. सौभाग्यवतीने निषेध नोंदवला. माशांनी मात्र तासाभरात मडक्याचा ताबा घेतला. दोघांत जो किंचित मोठा, त्याचे नाव ठेवले अण्णा आणि धाकट्याचे बापू. बंधुप्रेमाचा आदर्श नातवापुढे राहावा, हा उद्देश.

पण आदर्श दुसऱ्याच प्रकारचा निघाला. अण्णा मडक्यात असले की बापू दाराशी थांबत. अण्णा अंगावर आले की बापू एका कुशीवर कलून सर्वांगाने थरथरत, जणू 'हुजूर, गैरसमज होतोय' असे निवेदन करीत. दाणे पडले की पहिला घास अण्णांचा. चिडले म्हणजे हे मासे जबडा मिटून दातांवर दात वाजवतात आणि त्याचा टकटक आवाज होतो, असे मी पुढे वाचले. आणि ते वाचताना, साहेब टेबलावर पेन्सिल वाजवू लागले की आमच्या कचेरीत जी शांतता पसरे, ती कानांत दाटून आली. कचेरीचे नाव मी सांगत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी तेवढे धैर्य अद्याप जमा झालेले नाही.

कुतूहलाने मी या माशांविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता माझी खात्री झाली की ब्रह्मदेवाने प्रथम विदूषक मासा निर्माण केला असावा आणि त्याच नमुन्यावरून पुढे सरकारी आस्थापना बेतली गेली असावी. समुद्रात एका समुद्रपुष्पावर यांचे एक बिऱ्हाड असते. सर्वांत मोठा मासा म्हणजे मादी, ती हुजूर. तिच्या खालोखाल एक नर, तो अव्वल कारकून. त्यांच्याखाली दोनचार धाकटे, ज्यांना ना घर ना संसार, केवळ ज्येष्ठतासूचीत नाव, हे उमेदवार. कचेरीचे छत म्हणजे ते समुद्रपुष्प, ज्याच्या प्रत्येक बोटाला डंख आहे आणि जे इतर माशांना जागच्या जागी लुळे करते. विदूषक माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप त्याला वाचवतो, तरी नव्या समुद्रपुष्पाशी तो एकदम सलगी करीत नाही. आधी शेपटी लावतो, मग पोट लावतो, मागे सरतो, पुन्हा येतो. नवीन साहेब रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही फाईल घेऊन आत जात असू, ती याच पद्धतीने. उभयतांत देवघेवही ठरलेली: समुद्रपुष्प छत्र देते, मासा त्याला कुरतडणाऱ्यांना हुसकावतो आणि आपल्या मलमूत्राचे खत देतो. हे शेवटचे कलम वाचून मी क्षणभर अंतर्मुख झालो.

परंतु मी खरा हादरलो तो पुढच्या मजकुराने. ज्या २००३ साली तो चित्रपट आला, त्याच साली पीटर बस्टन नावाच्या अभ्यासकाने पापुआ न्यू गिनीच्या समुद्रातील या बिऱ्हाडांची मोजदाद प्रसिद्ध केली. त्यात असे आढळले की प्रत्येक मासा आपल्या वरच्या माशाच्या सुमारे चार पंचमांश एवढाच असतो, आणि हा योगायोग नव्हे; तो मुद्दामच त्याहून वाढत नाही. वाढला तर वरच्याला तो प्रतिस्पर्धी वाटेल, त्याला हाकलले जाईल, आणि समुद्रपुष्पाबाहेर काढलेला विदूषक मासा म्हणजे कोणाचे तरी दुपारचे जेवण. म्हणून तो वाढ आवरून धरतो आणि वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहतो. काही बिऱ्हाडांत ही वाट वर्षानुवर्षे चालते.

मी चष्मा काढून ठेवला. एकतीस वर्षांची नोकरी माझ्या डोळ्यांपुढून पोहत गेली. साहेबांकडे स्कूटर होती तोवर मी सायकल चालवली. साहेबांनी मोटार घेतल्यावर तिसऱ्या दिवशी मी स्कूटरसाठी अर्ज केला. साहेबांचे घर दोन मजली, म्हणून मी माझ्या घराचा जिना गच्चीपर्यंत नेऊन थांबवला. टक्केवारी हेच ज्या गावचे ग्रामदैवत, त्या गावात एका वर्षी साहेबांच्या चिरंजिवांना बहात्तर टक्के पडले आणि माझ्या मुलाला एक्याऐंशी. त्या वर्षी मी पेढे आणले ते बिनसाखरेच्या चेहऱ्याने, आणि कचेरीत वाटले नाहीत. "पोराला किती पडले?" असे साहेबांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "पडले आपल्या आशीर्वादाने पोटापुरते." चार पंचमांशांचा हिशेब मला कोणी शिकवला नव्हता, तो उपजत होता.

आता या कुळाचारातला शेवटचा आणि सर्वांत अद्भुत नियम. हे सर्व मासे प्रथम नर असतात. मादी मेली की अव्वल कारकुनाची बढती होते. पण ती केवळ हुद्द्याची नव्हे. तो स्वतःच मादी बनतो, आकाराने वाढतो, आणि पहिला उमेदवार त्याच्या जागी नर म्हणून रुजू होतो. एकदा झालेला हा बदल पुन्हा मागे फिरत नाही. लोक याला निसर्गाचा चमत्कार म्हणतात. मी तो कचेरीत प्रत्यक्ष पाहिला आहे. आमचे एक अव्वल कारकून इतके मवाळ, की शिपायालासुद्धा 'अहो' म्हणत आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकत. साहेबांची बदली होऊन ते त्या खुर्चीवर बसले मात्र, तीन आठवड्यांत त्यांचा आवाज बदलला, चाल बदलली, आणि टेबलावर पेन्सिल वाजू लागली. ही प्रक्रियासुद्धा मागे फिरली नाही.

आमच्या टाकीत अण्णा हळूहळू बापूंच्या दीडपट दिसू लागले. दुसऱ्या वर्षी एका सकाळी मडक्याच्या आतल्या अंगाला नारिंगी ठिपक्यांचा थर दिसला. ती अंडी होती, काहीशे तरी. आणि ती अण्णांनी घातली होती. मला प्रथम लोह्याचे म्हातारबुवा आठवले. त्यांचा पत्ता ठाऊक असता तर मी पोस्टकार्ड टाकले असते.

नामांतराचा प्रश्न सौभाग्यवतीने जागच्या जागी निकालात काढला. "अण्णांची अक्का करा. एकच अक्षर बदलायचंय." मी नातवाला दूरध्वनीवरून ही वार्ता दिली आणि ओघात हेही सांगून बसलो की चित्रपटात निमोची आई सुरुवातीलाच मरते, तेव्हा शास्त्राप्रमाणे त्याचे बाबा त्याला शोधायला निघण्याऐवजी आधी त्याची आई झाले असते.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "मग निमो बाबांना काय म्हणणार?"

"आई."

"आणि बाबा कोण?"

मी सूनबाईंना बोलवायला सांगितले.

या कुटुंबात अंडी घालून झाली की अक्कांचे काम संपते आणि बापूंचे सुरू होते. बापू दिवसभर मडक्यापाशी राहून परांनी अंड्यांवर पाणी वारत, तोंडाने ती साफ करीत, आणि एखादे अंडे खराब निघाले तर ते निमूटपणे खाऊन टाकीत. मधूनच अक्का येत, काम तपासत, दातांवर दात वाजवीत, आणि बापू कुशीवर कलून थरथरत. अंडी आधी नारिंगी, मग तपकिरी झाली आणि सातव्या दिवशी प्रत्येकातून दोन चंदेरी डोळे चमकू लागले. ही पिले अंधार पडल्यावरच बाहेर येतात, असे वाचले होते. म्हणून आठव्या दिवशी संध्याकाळपासून मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. उकाडा इतका की घरातला एकुलता एक कूलर टाकीकडे तोंड करून ठेवलेला होता, आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत तरंगत होत्या.

"माणसांनी घामानं निथळायचं नि माशांना कूलर," सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी कुशीवर कललो.

साडेआठला वीज गेली. कूलर थांबला, पंप थांबला, आणि पाण्यातला प्राणवायू किती वेळ पुरेल याचा हिशेब माझ्या पोटात गोळा होऊन बसला. मी वाटी घेतली, टाकीतले पाणी भरायचे, वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीतच ओतायचे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते, या तत्त्वावर काम सुरू केले. अंधाराला डोळे सरावल्यावर दिसले की काचेच्या आत बापू परांनी पाणी वारीत आहेत आणि काचेबाहेर मी वाटीने. दोघांचाही वेग सारखाच, दोघांपैकी कोणीच काही बोलत नव्हते. पाऊण तास झाला. खांदा भरून आला.

मेणबत्ती घेऊन सौभाग्यवती बाहेर आली. तिने टाकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मेणबत्ती कोनाड्यात ठेवली आणि पदर खोचला.

"सरका," ती म्हणाली. "तुमच्यानं धार नीट पडत नाहीये." आणि माझ्या हातातली वाटी तिने काढून घेतली.

मी सरकलो. किती, ते मोजले नाही. पण माझ्या अंदाजाने बरोबर पाचव्या हिश्श्याइतका.